जेथे दादा म्हणजे बहीण

मुलगा शिकावयास परदेशी गेला असे कोणी सांगितले, की पुढचा प्रश्न ठरलेला असतो : अमेरिका की इंग्लंड? फार तर जर्मनी किंवा ऑस्ट्रेलिया. ‘आफ्रिका’ असे उत्तर आले तर विचारणारा क्षणभर गप्प होतो आणि मग आवाज उतरवून म्हणतो, ‘का हो, इकडे कोठे जमले नाही का?’ त्या गप्प होण्यात जे काही दडलेले असते, ते सामानात बांधूनच आपली मुले विमानात बसतात. पुढे तेथे रुळताना जो त्रास होतो तो हवेचा, अन्नाचा आणि भाषेचा असतोच. परंतु आमच्या मते त्याहून मोठा वाटा या न उघडलेल्या सामानाचा असतो.

हा विषय आता दूरचा राहिलेला नाही. ५ जुलै २०२३ रोजी झांझिबार येथे करार झाला आणि त्याच वर्षीच्या नोव्हेंबरात मद्रासच्या आय.आय.टी.ची शाखा त्या बेटावर सुरू झाली. भारताबाहेर निघालेली ही पहिली आय.आय.टी. तिच्या पहिल्या संचालक प्रीती आघलयम या आय.आय.टी.चे प्रमुखपद भूषविणाऱ्याही पहिल्याच महिला. तेथे टांझानियाची मुले शिकतात, तशी आपल्याकडून गेलेलीही शिकतात. तेव्हा आमच्या वाचकांपैकी एखाद्या घरी हा प्रश्न उद्या जेवणाच्या पानावर येऊन ठेपला, तर नवल वाटावयास नको.

येथे एक खुलासा केला पाहिजे. आफ्रिका हा एक देश नव्हे. तेथे चौपन्न देश आहेत आणि कैरोच्या विद्यार्थ्याचा अनुभव केपटाऊनच्या विद्यार्थ्यास लागू पडत नाही. आम्ही येथे बोलणार आहोत ते केवळ टांझानियाविषयी, आणि त्यातही झांझिबार बेट व दारेसलाम शहर यांविषयी. त्या किनाऱ्याशी आपला संबंध जुना आहे. उत्तरेकडून वाहणाऱ्या ज्या वाऱ्याला तेथे ‘कस्काझी’ म्हणतात, त्याच्या बळावर कच्छ-काठेवाडची गलबते हिवाळ्यात तिकडे जात आणि ‘कुसी’ हा दक्षिणेचा वारा सुटला की परतत. विद्यार्थ्यांची वाटचालही एके काळी उलट दिशेने होत असे. पुढे फ्रेडी मर्क्युरी या नावाने जगप्रसिद्ध झालेला गायक १९४६ साली झांझिबारला एका पारशी घरात जन्मला. त्याला शाळेसाठी आईबापांनी पाठविले ते आपल्या पाचगणीला. आठ-नऊ वर्षांचा तो मुलगा बोटीने मुंबईस उतरून घाट चढला, तेव्हा त्याला काय वाटले असेल, याचा विचार आज उलट प्रवासाला निघालेल्या मुलांच्या आईबापांनी जरूर करावा.

तेथे पोहोचल्यावर पहिला धडा मिळतो तो वर्गात नव्हे, दारात. कोणाच्याही घरी जाताना उंबऱ्याबाहेर उभे राहून ‘होडी?’ अशी हाक द्यावयाची असते. आतून ‘करिबू’ असे उत्तर आले की पाऊल आत टाकावयाचे. तीनदा हाक देऊन उत्तर आले नाही, तर मुकाट्याने परतावयाचे. वडीलधारी व्यक्ती भेटली की म्हणावयाचे ‘शिकामू’, आणि ती म्हणणार ‘मराहबा’. शिकामू या शब्दाचा मूळ अर्थ ‘मी आपले पाय धरतो’ असा आहे. म्हणजे आपण ज्याला पाया पडणे म्हणतो तेच, केवळ वाकण्याचे कष्ट वाचवून! हा शब्द गुलामगिरीच्या काळातला आहे असे म्हणून काही जण नाक मुरडतात. तथापि आजही शिकल्यासवरल्या तरुण मुली रस्त्यात भेटलेल्या म्हातारीला तो म्हटल्यावाचून पुढे जात नाहीत. नव्या विद्यार्थ्याने हा एक शब्द बिनचूक उच्चारला, तर भाजीवाल्या आजीबाईंपासून वसतिगृहाच्या पहारेकऱ्यापर्यंत सगळ्यांचे चेहरे उजळतात.

हे नमस्कार-चमत्कार एका वाक्यात आटोपत नाहीत. ‘हाबारी?’ म्हणजे काय खबर? मग घरची खबर, कामाची खबर, सकाळची खबर. प्रत्येकाला उत्तर ‘न्झुरी’, म्हणजे चांगली. अंगात ताप असला तरी आधी ‘न्झुरी’ म्हणावयाचे आणि मग ‘लाकिनी’ म्हणून खरे काय ते सांगावयाचे. इंदूर-हैदराबादच्या वाचकांना हा ‘लाकिनी’ लागलीच ओळखीचा वाटेल. घाईघाईने दुकानात शिरून, ‘पाव आहे का?’ असे एकदम विचारणारा आपला विद्यार्थी तेथे उद्धट ठरतो, आणि ते त्याच्या गावीही नसते. उलट त्याला वाटते, की येथील लोक थंड आहेत, कोणाला कशाची घाई नाही. दोघेही आपापल्या परीने बरोबर असतात. परंतु पाहुणा कोण आहे, हे विसरून चालत नाही.

एक शब्द मात्र आपल्या भाषेत असावा असे आम्हांस फार वाटते. तो म्हणजे ‘पोले’. चालताना तुम्हाला ठेच लागली, तर रस्त्यावरचा अनोळखी माणूस म्हणतो, ‘पोले’. त्याची चूक नसते, तो क्षमा मागत नसतो. तुम्हाला लागले याचे मला वाईट वाटते, एवढेच तो सांगत असतो. तुम्ही ओझे वाहत असाल, दमला असाल, घरून वाईट बातमी आली असेल, तरी ‘पोले साना’. परक्या मुलुखात पहिल्या महिन्यात घराची आठवण अनावर झालेल्या मुलाला या दोन अक्षरांचा किती आधार होत असेल, हे सांगावयास नको.

आता नात्यांची गंमत ऐका. स्वाहिली भाषेत बाबा म्हणजे बाबाच; पण मामा म्हणजे आई, काका म्हणजे भाऊ आणि दादा म्हणजे थोरली बहीण! खाणावळीत वाढणाऱ्या बाईला ‘दादा’ म्हणून हाक मारणे हा तेथील शिष्टाचार आहे. मराठी मुलाची जीभ प्रथम अडखळते, मग सैलावते, आणि सुटीत घरी आल्यावर तो थोरल्या बहिणीला दादा म्हणू लागतो.

घड्याळाचा घोटाळा मात्र केवळ गमतीवर निभावत नाही. स्वाहिली दिवस मध्यरात्री सुरू होत नाही, सूर्योदयाला सुरू होतो. आपल्या सकाळच्या सात वाजता तेथे ‘साआ मोजा’, म्हणजे एक वाजतो. दुपारच्या बाराला सहा वाजतात. विद्यापीठाचे वेळापत्रक इंग्रजीत आणि आपल्या ओळखीच्या घड्याळानुसार असते. पण घरमालक, सुतार, बसचालक हे स्वाहिली घड्याळानुसार बोलतात. ‘दोन वाजता गाडी सुटेल’ असे ऐकून आपला विद्यार्थी जेवून-खाऊन दुपारी दोनला स्थानकावर जातो, आणि गाडी सकाळी आठलाच गेलेली असते. हा प्रकार आजीला सांगावा. तिला तो चटकन समजेल. पंचांगातील घटका सूर्योदयापासूनच मोजतात, आणि ‘दुपार’ या शब्दातही दोन प्रहर दडलेले आहेत ते उगवतीपासूनचेच. विषुववृत्ताच्या जवळ सूर्य वर्षभर जवळजवळ एकाच वेळी उगवतो, म्हणून तेथे ही मोजणी आजही अडचणीची होत नाही, इतकेच.

बाजारात गेल्यावर तर परकेपणा निम्म्याने गळून पडतो. फणसाला तेथे ‘फेनेसी’ म्हणतात, दालचिनीला ‘दालासिनी’, वेलचीला ‘इलीकी’, साखरेला ‘सुकारी’, साबणाला ‘साबुनी’. पेरूला ‘पेरा’, मेजाला ‘मेझा’ आणि पिंपाला ‘पीपा’ म्हणतात, कारण हे शब्द पोर्तुगीजांनी त्यांच्या आणि आपल्या अशा दोन्ही किनाऱ्यांवर उतरविले. गोव्याच्या वाचकांना याचे अधिक सांगावयास नको. पैसा तो ‘पेसा’, गाडी ती ‘गारी’, विमा तो ‘बिमा’. शिलिंगचे भाव एवढे वाढलेले आहेत, की खोलीचे भाडे ‘लाकी’त, म्हणजे लाखातच सांगतात. केनियात २००७ साली निघालेली आणि पुढे टांझानियातही रूढ झालेली भ्रमणध्वनीवरून पैसे पाठविण्याची सोय ‘एम-पेसा’ म्हणून ओळखली जाते. त्यातला पेसा हा आपलाच पैसा होय.

स्वयंपाकघरातही तसेच. झांझिबारच्या घरात बाई एका बुटक्या लाकडी बैठकीवर बसते, तिच्या तोंडाशी दातेरी पाते असते आणि त्यावर ती नारळाची वाटी फिरविते. त्या खवणीला ते ‘म्बुझी’, म्हणजे शेळी म्हणतात. नारळाच्या रसातला भात, रसातच शिजविलेला घेवडा, माठासारखी ‘मचिचा’ची पालेभाजी, चपाती, कचुंबारी; कोकणी माणसाने तक्रार करावी असे यात काही नाही. मक्याच्या पिठाचा घट्ट उकडीसारखा ‘उगाली’ अंगवळणी पडावयास वेळ लागतो. तो उजव्या हाताच्या बोटांनी तोडून, अंगठ्याने खळगा करून, कालवणात बुडवून खावयाचा असतो. शाकाहारी मुलांनी ‘सिली न्यामा वाला सामाकी’ हे वाक्य पाठ करून जावे : मी मांस खात नाही आणि मासेही खात नाही. नुसते ‘भाजी द्या’ म्हणून भागत नाही, कारण ‘म्बोगा’ या शब्दात उगालीबरोबरचे कोणतेही कालवण येते आणि त्यात सुकटही असू शकते. झांझिबारची वस्ती बहुतांशी मुसलमान आहे. रमझानात दिवसा उघड्यावर खाणेपिणे टाळावे, आणि गावात हिंडताना खांदे व गुडघे झाकलेले असावेत. तापाविषयी एकच सांगावयाचे : तेथील, विशेषतः मुख्य भूमीवरचा हिवताप हा आपल्या नेहमीच्या हिवतापापेक्षा घातक जातीचा असतो. मच्छरदाणीखाली झोपावे, आणि ताप आला की घरून आणलेल्या गोळ्या न चघळता त्याच दिवशी रक्त तपासून घ्यावे.

इथवरचे सारे सोपे आहे. अवघड आहे ते पुढे.

तेथे हिंदी माणसाला ‘म्हिंदी’ म्हणतात, अनेकवचनी ‘वाहिंदी’. तुम्ही मराठी की तमिळ, हिंदू की ख्रिस्ती, याच्याशी रस्त्यावरच्या माणसाला कर्तव्य नसते. आपला विद्यार्थी काल उतरलेला असला तरी त्याच्या आधी दोनशे वर्षे वाहिंदी तेथे येऊन राहिलेले आहेत, आणि त्यांचे सारे पुण्य व सारे पाप त्याच्या नावावर आधीच जमा झालेले असते. जकातीचा मक्ता कच्छी पेढीकडे होता. हस्तिदंत आणि गुलाम आणणाऱ्या काफिल्यांना भांडवल पुरविणाऱ्यांत हिंदी सावकार होते. तेथील गुलामांचा बाजार १८७३ साली बंद झाला; आज त्या जागी चर्च उभे आहे, आणि ते पाहावयास गेलेल्या मुलाने हा हिशेबही ध्यानात ठेवावा. दुसऱ्या बाजूने, दवाखाने, शाळा, रेल्वे, दूर खेड्यातली दुकाने यांतही हिंदी माणसाचे कष्ट आहेत. १२ जानेवारी १९६४ रोजी झांझिबारमध्ये क्रांती झाली. तिचा मुख्य आघात अरबांवर झाला. परंतु हिंदी कुटुंबेही पोळली आणि पुष्कळांनी बेट सोडले. पाचगणीला शिकलेल्या त्या मुलाचे कुटुंब त्यांपैकीच एक. १९७१ साली टांझानियात भाड्याने दिलेल्या इमारती सरकारजमा झाल्या, तेव्हा आणखी कित्येक निघून गेले.

या साऱ्याचे सार एका शब्दात साठलेले आहे. आपला ‘व्यापारी’ गुजराती तोंडून स्वाहिलीत गेला आणि ‘बेपारी’ झाला. पुढे बेपारी म्हणजे भांडवलदार, आणि ‘उबेपारी’ म्हणजे भांडवलशाही! टांझानियाचे पहिले राष्ट्राध्यक्ष ज्यूलियस न्येरेरे यांना लोक ‘म्वालिमू’, म्हणजे गुरुजी म्हणत. त्यांनी शेक्सपिअरच्या ‘मर्चंट ऑफ व्हेनिस’चे स्वाहिली भाषांतर १९६९ साली प्रसिद्ध केले, त्याचे नाव ‘माबेपारी वा वेनिसी’. समाजवादाच्या त्या काळात पिळवणुकीचे नाव म्हणून जो शब्द व्याख्यानांतून दुमदुमला, तो आपल्या दुकानाच्या पाटीवरून गेलेला होता. खोलीचे भाडे ठरविताना समोरचा माणूस सावध का होतो, सहाध्यायी जेवावयास बोलावण्याआधी आपला अंदाज का घेतो, याचे उत्तर विद्यार्थ्याच्या स्वभावात शोधून सापडणार नाही. ते या शब्दात आहे.

अशा वेळी सोपी वाट कोणती? आपल्या लोकांत शिरण्याची. मंदिर आहे, गुजराती भोजनालय आहे, आठवड्याला जेवू घालणारी प्रेमळ कुटुंबे आहेत. पहिल्या महिन्यात हा आधार जरूर घ्यावा. परंतु तेथेच चार वर्षे काढणारा विद्यार्थी टांझानियात राहतच नाही. तो एका लहानशा हिंदी बेटावर राहतो, जेथे स्थानिक माणूस केवळ वाहनचालक किंवा मोलकरीण म्हणून दिसतो. आणि जेवणानंतरच्या गप्पांत ‘हे लोक असेच’ हे वाक्य जसे ऐकू येते, तसे त्याच्याही जिभेवर बसते. ज्या सामानाचा आरंभी उल्लेख केला ते येथे उघडते. दुसरी वाटही कोणी चाललेले नाही असे नव्हे. दारेसलामच्या विद्यापीठात, ज्या टेकडीला विद्यार्थी ‘म्लिमानी’ म्हणतात तेथे, इसा शिवजी यांनी कायदा शिकविला. हिंदी वंशाचा, टांझानियातच जन्मलेला हा माणूस त्या देशातील मजूर आणि शेतकऱ्यांच्या हक्कांवर लिहिणारा तेथील अग्रगण्य विद्वान ठरला. मुंबईत जन्मलेले आणि युगांडात वाढलेले महमूद ममदानी १९७२ साली तेथून हाकलले गेल्यावर याच टेकडीवर शिकवीत होते. दोघेही वाहिंदीच.

वर्गातली गोष्ट थोडी वेगळी. टांझानियात प्राथमिक शिक्षण स्वाहिलीत आणि माध्यमिक शाळेपासून पुढे इंग्रजीत होते. म्हणजे शेजारच्या बाकावरचा मुलगाही एक भाषा ओलांडूनच व्याख्यानाला बसलेला असतो. तास संपला की सारे स्वाहिलीत बोलू लागतात आणि आपल्या मुलाला वाटते, आपल्याला वगळले. बडोद्यात, बेळगावात किंवा ग्वाल्हेरीत गुजराती, कन्नड वा हिंदी भाषिक पाहुणा समोर बसलेला असताना आपण मराठीत सुरू होतो, तेव्हा त्याला तरी काय वाटते? एक मात्र खरे, की दारात एक भाषा आणि रस्त्यात दुसरी हा खेळ आपल्या मुलांना पाळण्यापासून ठाऊक असतो. पुण्याच्या सदाशिव पेठेतून थेट गेलेल्या मुलापेक्षा इंदूरचे मराठी मूल स्वाहिली लवकर उचलील, अशी आमची पैज आहे. शिवाय ही भाषा उत्तम ऐकावी तर झांझिबारलाच. प्रमाण स्वाहिली घडविली गेली ती त्याच बेटावरच्या बोलीवरून.

घरच्यांसाठी दोन शब्द. आपले घड्याळ तिकडच्यापेक्षा अडीच तास पुढे आहे. आपण रात्री साडेनऊला जेवण आटोपून दूरध्वनी करतो, तेव्हा तिकडे संध्याकाळचे सात वाजलेले असतात. अंधार नुकताच पडलेला असतो, मुले ओट्यावर जमलेली असतात, कोणी चेंडू घेऊन निघालेले असते, कोणी ‘उरोजो’च्या आंबट रश्श्यात भजी बुडवून खात असते. नेमक्या त्याच घटकेला आपले लेकरू खोलीचे दार लावून आईला आपले तोंड दाखवीत बसते. रोज. आम्ही कठोर वाटू, पण पहिले तीन महिने हा दूरध्वनी आठवड्यातून दोनदाच करावा, आणि ‘काय खाल्लेस?’ याऐवजी ‘कोणाबरोबर खाल्लेस?’ असे विचारावे.

आणखी एक गोष्ट सांगितल्यावाचून हा लेख पुरा होणार नाही. ३१ जानेवारी २०१६ रोजी बंगळुरात एका सुदानी विद्यार्थ्याच्या मोटारीखाली एक स्त्री मरण पावली. काही वेळाने मित्रांसह तेथून जाणाऱ्या एका टांझानियन विद्यार्थिनीला जमावाने ओढून काढले, मारहाण केली, तिचे कपडे फाडले, मोटार जाळली. तिचा त्या अपघाताशी काडीइतकाही संबंध नव्हता. कातडीचा रंग तेवढा होता. पुढच्याच वर्षी, मार्च २०१७ मध्ये, ग्रेटर नोएडात नायजेरियन विद्यार्थ्यांवर हल्ले झाले. या बातम्या दारेसलामच्या वर्तमानपत्रांतही छापून येतात, आणि तेथे शिकणाऱ्या आपल्या मुलींना त्यांविषयी विचारले जाते. त्या काय उत्तर देतील हे त्यांनी घरी काय पाहिले यावर ठरते. पुण्यात आणि बडोद्यात आज आफ्रिकी विद्यार्थी मोठ्या संख्येने शिकत आहेत. त्यांपैकी कोणी खोली विचारावयास आला असता माडी रिकामी असूनही ‘दिली गेली’ असे सांगणारी घरे आपल्याही ओळखीत आहेत. ज्या घरातली मुलगी झांझिबारला निघाली आहे, त्या घराने तिच्या जाण्याआधी अशा एखाद्या विद्यार्थ्याला रविवारी जेवावयास बोलवावे. तिकडे कसे वागावे हे तो आमच्या लेखापेक्षा चांगले सांगेल, आणि तिचे उच्चारही सुधारील.

राहता राहिली बांधाबांध. पातळ सुती कपडे, एक चांगली छत्री, कारण तेथला मोठा पाऊस, ‘मासिका’, ऐन चैत्र-वैशाखात पडतो. गोडा मसाला, मेतकूट, थोडी चिंच-गुळाची तजवीज. लवंगा मात्र घालू नयेत. त्या बेटांवर लवंगांची झाडे आपल्याकडे आंब्याची असावीत तशी आहेत, आणि १९३७ साली तेथील हिंदी व्यापाऱ्यांवर निर्बंध आले तेव्हा इकडे राष्ट्रसभेने झांझिबारच्या लवंगांवर बहिष्कार पुकारला, एवढी आपल्या मसाल्याच्या डब्याची आणि त्यांची गाठ घट्ट आहे. सुटीत येताना मुलांनीच मूठभर आणाव्यात.